‘आई, शू आली!’

चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात किती मावतं? डॉक्टरांचं ढोबळ सूत्र सोपं आहे: वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा. म्हणजे जेमतेम १५० मिलिलिटर, एक कपभर! त्यात खेळात रमलेलं मूल पोटातली सूचना शेवटच्या क्षणापर्यंत मनावर घेत नाही. म्हणून राजमाची किल्ल्याच्या वाटेवर ‘मघाशीच विचारलं होतं ना?’ असं त्याला रागावणं मला अन्यायाचं वाटतं. निघताना, गाडीतून उतरल्यावर आणि पुढे दर दोन तासांनी, आली नसली तरी बसवावं.

पाणी कमी पाजणं हा उपाय नव्हेच. त्याने शौचाला खडा होतो, भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाबतं आणि शू उलट वारंवार लागते.

शी लागली तर ओढ्या-विहिरीपासून निदान ६० मीटर लांब जावं. गवतात आधी काठी आपटावी, साप-विंचू असू शकतात. खुरप्याने वीतभर खड्डा करून नंतर माती लोटावी. वरच्या थरातच जिवाणू भरपूर असतात, तेच मैला कुजवतात. कास पठारासारख्या सड्यावर मात्र मातीचा थर इतका पातळ असतो की खणणं शक्यच नाही. तिथे शी पिशवीत बांधून परत आणावी. वापरलेले ओले वाइप्सही परत आणावेत, त्यांत बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात. मुलींना पुसताना हात पुढून मागे न्यावा, नाहीतर शीतले जंतू मूत्रमार्गात शिरतात.