आधी कोणाला तपासायचे?

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. त्यांतला एक मीरा रोड-भाईंदर परिसरात. अशा वेळी जखमी अनेक, डॉक्टर मोजके. मग क्रम कसा लावायचा? नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहिली. आजही तत्त्व तेच आहे. चालू शकणाऱ्याला हिरवी पट्टी. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना कळत नाही, तर लाल पट्टी: उपचार प्रथम. उरलेल्यांना पिवळी. म्हणजे ओरडणाऱ्यापेक्षा गप्प पडलेला अधिक गंभीर असू शकतो. रुग्णालयातही रांग अशीच लागते. छातीत कळ, बेशुद्धी, मोठा रक्तस्राव दिसताच १०८ ला फोन करावा, हे वर्गात जरूर सांगा.