मूल बोलत नाही, म्हणून आईने काम सोडावे काय?



एरवी या पानावर बेणे, खत, पाणी यांची माहिती असते. आजचा विषय वेगळा असला तरी आपल्या घरातलाच आहे.

आपल्या लेकी-सुना आता पगाराच्या कामाला लागल्या आहेत. कुणी अंगणवाडीत, कुणी दवाखान्यात, कुणी पतसंस्थेत. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळूनच एक कोयता धरतात. अशा घरात मूल दोन वर्षांचे होऊनही बोलेना, हाकेला वळेना, की पहिले बोट आईकडे जाते. "ही कामाला जाते, पोराकडे बघत नाही, म्हणून असं झालं!"

हे साफ चूक आहे. या अवस्थेला स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतात. यात मेंदूची वाढच मुळात वेगळ्या तऱ्हेने होते आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदींवरून तिचे वर्णन केले. पुढे तिकडेही आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली पुस्तक लिहून ते मत खोडून काढले. तिकडे मोडीत निघालेला आरोप आपल्या ओसरीवर मात्र अजून चालूच आहे!

लक्षणे ध्यानात ठेवा. वर्षाचे मूल बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेले शब्द गेले. यांपैकी काही दिसले तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत बसू नका. बांधणीची वेळ टळली की उसाचे नुकसान होते, हे आपणांस सांगायला नको. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला मूल दाखवा, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्या. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. गंडे-दोऱ्यांत पैसा घालू नका. पण बोलण्याचे, वागण्याचे शिक्षण लवकर सुरू केले तर पुष्कळ मुले चांगली प्रगती करतात.

आता हिशेबाचे बोलू. हे शिक्षण वर्षानुवर्षे चालते. तालुक्याच्या फेऱ्या, फी, गाडीभाडे. खर्च वाढला नेमका त्याच वेळी घरातली एक मिळकत बंद केली तर मेळ कसा बसायचा? तोडणीत अर्धा कोयता राहिला तर उचल फिटत नाही. आईला स्वतःला घरी थांबावेसे वाटले तर तो तिचा निर्णय. शिक्षा म्हणून तिला बसवू नये. फेऱ्या वडिलांनी वाटून घ्याव्यात. तज्ज्ञ शिकवतील ते आजी-आजोबांनीही शिकावे. जेवण, आंघोळ, झोप यांची वेळ ठरलेली असली की असे मूल शांत राहते, आणि ते काम घरातील कुणीही करू शकतो.

सवलती सोडू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र काढा. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. ५० वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघराची तरतूद २०१७ साली कायद्यात आली. कामावरच्या भगिनींनी त्याबद्दल अवश्य विचारावे.

घरात असे मूल असेल तर लपवू नका. आणि शेजारी असेल तर त्या आईला बोल लावण्याआधी तिच्या हातातले एखादे काम आपल्या हाती घ्या.

— ऊस विकास अधिकारी