अंगणांतील दिवे आणि त्यांचीं दुखणीं

संध्याकाळ होण्यापूर्वीं कंदिलाची कांच राखेनें पुसून ठेवणें हें आमच्या लहानपणीं घरांतील मुलांचें काम असे. वात कातरली, रॉकेल घातलें आणि कांच पुसली कीं दिव्याचें सारें वैद्यक संपलें. आज पायरीपासून फाटकापर्यंत विजेच्या दिव्यांची ओळ असते. तिचें तेज कंदिलाहून कितीतरी अधिक. पण ती एकदां रुसली म्हणजे घरांतील पदवीधर मंडळीही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. दिवे निवडतांना आपण जेवढी हौस दाखवितों, तिच्या चौथाई चौकसपणा त्यांच्या तारांविषयीं दाखविला तर बहुतेक दुखणीं उद्भवणारच नाहींत. हें शहाणपण आम्हांस उशिरां सुचलें. तें कसें सुचलें तेंच आधीं सांगतों.

आमचें घर साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या उताराकडे आहे. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत असें होऊं लागलें कीं, पावसाची मोठी सर आली म्हणजे अंगणांतील दिवे विझत आणि त्यांच्याबरोबर घरांतील निम्मी वीजही जाई. मुख्य पेटींतील आरसीसीबी नांवाचें यंत्र पडलेलें असे. रोजच्या कटकटीस कंटाळून आम्हीं एक कारागीर बोलाविला. त्यानें बागेची तार त्या यंत्राच्या कक्षेंतून काढून परस्पर जोडून दिली. दिवे लागले, आम्ही पैसे देऊन मोकळे झालों. आठ दिवसांनीं सकाळीं सूनबाई तुळशीला पाणी घालून ओल्या पायांनीं परत येत असतां दिव्याच्या लोखंडी खांबाला त्यांचा हात लागला आणि त्या दचकून मागें सरल्या. “मामंजी, खांबाला हात लावला कीं झिणझिण्या येतात,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्याच खांबाला धरून आमचा पांच वर्षांचा नातू रोज गिरक्या घेत असे. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. जें यंत्र इतके दिवस संकट ओरडून सांगत होतें, त्याचेंच तोंड आम्हीं पैसे मोजून बंद केलें होतें.

हें यंत्र करतें तरी काय? फेजच्या तारेनें जितका प्रवाह बाहेर गेला तितकाच न्यूट्रलच्या तारेनें परत आला पाहिजे. मध्येंच त्यांतील अंश खांबाकडे, जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगाकडे वळला तर जमाखर्चांत फरक पडतो. घरगुती यंत्रांत हा फरक सामान्यतः ३० मिलिअँपियर होण्याच्या आंतच तें क्षणार्धांत वीज तोडतें. एमसीबी हें निराळें यंत्र. तारेंतून जादा प्रवाह गेला अथवा दोन तारा एकमेकींस भिडल्या म्हणजे तें पडतें. माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा प्रवाह त्याच्या हिशेबीं इतका अल्प असतो कीं, तें जागचें हलतही नाहीं. ‘एमसीबी आहे, मग दुसऱ्याची जरुरी काय?’ हा प्रश्न म्हणूनच घातक होय.

आतां दोष शोधण्याची रीत. नैयायिकांचा सूचीकटाहन्याय येथें फार उपयोगीं पडतो. लोहाराकडे सुई आणि कढई अशीं दोन कामें आलीं तर तो सुई आधीं करून देतो; तसें सोपें तें प्रथम तपासावें. सगळेच दिवे गेले असतील तर अंगण खणण्यापूर्वीं पेटी उघडून कोणतें बटण खालीं आलें आहे तें पाहावें. दिवे टाइमरवर असतील तर त्याचें घड्याळ पाहावें. फिरत्या तबकडीचा साधा टाइमर वीज गेली कीं थांबतो आणि वीज जितके तास गेली तितकाच मागें पडतो. मग दिवे भलत्याच वेळीं लागतात आणि आपण तारेस दोष देत बसतों. अंधार पडतांच दिवे लावणारा प्रकाशसंवेदक असेल तर त्याच्यावरील धूळ व कोळिष्टकें पुसावीं, आणि शेजारच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडत नाहीं ना, हें पाहावें. उजेड पडला कीं तो बिचारा दिवस समजून स्वस्थ बसतो.

दुसरी रीत अन्वयव्यतिरेकाची. एकच दिवा लागत नसेल तर वीज बंद करून त्याच्या जागीं चांगला दिवा लावून पाहावा. तो लागला तर पहिल्या दिव्याचा दोष. न लागला तर जागेचा. एलईडी दिव्यांत प्रकाश देणाऱ्या कणीपेक्षां तिला वीज पुरविणारी ‘ड्रायव्हर’ नांवाची चकती अनेकदां आधीं बिघडते. दिवा लुकलुकूं लागणें ही तिची खूण असते. मात्र ढिल्या जोडानेंही दिवा लुकलुकतो, म्हणून जोड आधीं पाहावा. अर्धी ओळ लागते आणि अर्धी लागत नाहीं, असें असेल तर लागणारा शेवटचा दिवा व न लागणारा पहिला दिवा यांच्या दरम्यानच शोध करावा.

पावसांत आरसीसीबी पडत असेल तर ओळीचे दोन भाग करावे. मुख्य वीज बंद करून, मधल्या जोडाशीं पुढील भाग सोडवावा आणि यंत्र पुन्हां चढवावें. तें टिकलें तर दोष पुढच्या भागांत, पडलें तर मागच्या. दोषी भागाचे पुन्हां दोन भाग करावे. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे: नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, कारण तें बहुधा फेजची तारच तोडतें. न्यूट्रलची तार ओल्या जमिनीस टेकलेली असेल तर बटण बंद असूनही यंत्र पडूं शकतें. म्हणून दोन्ही तारा सोडवाव्या लागतात; आणि २३० व्होल्टच्या ओळींत हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. आपण शेजारीं उभे राहून रीत सांगावी, हात घालूं नये.

आमच्या अंगणांत आठ दिवे. तीन खेपांत दोषी खांब सांपडला. त्याच्या पेटींत पाणी सांठलें होतें, मुंग्यांनीं वारूळ केलें होतें आणि साध्या चिकटपट्टीनें गुंडाळलेला जोड त्यांत भिजत पडला होता. खांबाची अर्थिंगची तार जास्वंद लावतांना कुदळीनें तुटली होती. आणि ती कुदळ, सांगावयास संकोच वाटतो, खुद्द आमच्याच हातांत होती. जोडांतून खांबांत उतरलेल्या विजेस जमिनींत जाण्याची वाट उरली नव्हती. ती कोणाच्या तरी हाताची वाट पाहत खांबांत उभी होती.

बागेस २३० व्होल्टऐवजीं १२ व्होल्टचे दिवे लावणें अधिक सुरक्षित, यांत शंका नाहीं. मात्र त्यांचें दुखणें वेगळें: लांबचे दिवे मंद पडतात. याचें गणित मुलांकडूनही करवून घेण्यासारखें आहे. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारें ०.०१२ ओहम असतो. दिवा २० मीटर दूर असेल तर जाऊन येऊन तार ४० मीटर. रोध सुमारें अर्धा ओहम. टोंकाशीं ६० वॅटचे दिवे असतील तर प्रवाह ५ अँपियर, म्हणजे अडीच व्होल्ट वाटेंतच खर्च झाले आणि दिव्यास साडेनऊच मिळाले. तार चार चौरस मिलिमीटरची घेतली तर हीच तूट एका व्होल्टच्या आंत येते. एकूण २० वॅटचे एलईडी दिवे लावले तर जुन्या तारेवरही तूट एका व्होल्टहून कमीच राहते. ट्रान्सफॉर्मर मोठा आणल्यानें हा दोष जात नाहीं, हें पुष्कळांस पैसे खर्च झाल्यावर कळतें.

आमचे धाकटे बंधू सांगलीस असतात. त्यांच्या आणि आमच्या अंगणांतील दुखणीं सारखीं नाहींत, कारण जमीन सारखी नाहीं. आमच्याकडे मुरमाचा उतार. तार ज्या नळींतून नेली ती नळीच पन्हळ होऊन सगळें पाणी सर्वांत खालच्या पेटींत आणून सोडते. म्हणून त्या पेटीच्या तळाशीं निचऱ्याचें भोंक आणि नळीच्या तोंडाशीं घट्ट बूच हवें. सांगलीकडील काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. त्या ओढींत नळीचे सांधे निखळतात व ताणलेली तार जोडांतून सुटते. तेथें प्रत्येक खांबाशीं तारेचें एक सैल वेटोळें ठेवावें. उन्हाळ्यांत जमीन वाळली म्हणजे अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून त्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी घालण्याची चाल दोन्हीकडे पाळण्यासारखी आहे.

सांगलीकरांस आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि अंगणेंच काय, माजघरेंही पाण्याखालीं गेलीं. २०२१ च्या जुलैंतही पूर आला. पाणी ओसरल्यावर गाळ धुऊन लगेच दिवे लावून पाहण्याचा मोह होतो, तो आवरावा. बुडालेले जोड कापून नवे करावे, भिजलेला ट्रान्सफॉर्मर टाकून द्यावा, आणि ‘मेगर’ नांवाच्या यंत्रानें तारेचें आवरण तपासून तें निदान एक मेगओहम भरल्याखेरीज वीज सोडूं नये. दिव्यावरील ‘आयपी ६५’ या खुणेचा अर्थ तो पाण्याचा फवारा सोसेल एवढाच. बुडण्याचें अभय त्यांत नाहीं.

सूर्यशक्तीवर चालणाऱ्या दिव्यांना तारेचें दुखणें नाहीं. ते मंद झाले तर प्रथम वरची कांच ओल्या फडक्यानें पुसावी, झाडाची सावली तिच्यावर येत असेल तर जागा बदलावी, आणि तरीही उजेड न वाढला तर आंतील बॅटरी त्याच जातीची घालावी. ती कांहीं वर्षांनीं थकतेच. आषाढांत आमच्याकडे सूर्यदर्शनच दुर्लभ. तेव्हां त्या दिव्यांकडून रात्रभर जाग्रणाची अपेक्षा करणें अन्यायाचें आहे.

दुरुस्तीचे नियम मोजकेच आहेत. जोड जमिनींत पुरूं नये. जमिनीवर, बंद पेटींत, पाणी न शिरणाऱ्या जोडणीनें करावा. तार नळींतून निदान दीड फूट खोल न्यावी व तिच्यावर विटांचा थर द्यावा, म्हणजे कुदळीस आधीं वीट लागेल. तार कोठून कोठें गेली याचा नकाशा कागदावर काढून मुख्य पेटीच्या दारास आंतून लावावा. आमच्याकडील नकाशा नातवानें रंगविला आहे आणि जास्वंदीजवळ एक लाल फुली मारली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आरसीसीबीवरील परीक्षेचें बटण दाबून तें पडतें ना, हें पाहावें. न पडल्यास त्याच दिवशीं बदलावें. आणि कोणी तें यंत्र वगळून दिवे लावून देतो म्हणाला तर त्यास चहा पाजून परत पाठवावें.

रात्रीं दहानंतर आम्ही दिवे बंद करतों. पांढऱ्या निळसर उजेडापेक्षां पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात, म्हणून दिवेही तसेच घेतले. दिवे विझल्यावर मृगाच्या आगेमागें कुंपणाच्या बाजूस काजवे दिसूं लागले. नातू खांबाला धरून ते मोजत असतो. आम्ही पायरीवर बसून तें पाहतों; पण महिन्याची पहिली तारीख मात्र कधींही चुकवीत नाहीं.