राहुकाळ कुठल्या गावचा?

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर घरात सगळ्यात जास्त कोण बघतं? आपणच! दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि त्याच चौकोनात संकष्टी, एकादशी, राहुकाळ. पण मैत्रिणींनो, त्या बारीक अक्षरांतल्या वेळा येतात कुठून?

तिथी हे चंद्र-सूर्यातल्या अंतराचं माप. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल रोज सारखी नसते, त्यामुळे एखादी तिथी १९-२० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांपर्यंत रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी, ती सहसा त्या दिवसाची धरतात. संकष्टीला मात्र चंद्रोदय बघायचा, आणि तो गावागणिक वेगळा. नागपुरात चंद्र मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी दिसतो. मग मुंबईची वेळ बघून नागपूरच्या बाईने उगाच का उपाशी बसावं?

आता राहुकाळ. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा भाग राहूचा. झालं गणित! 'सोमवारी साडेसात ते नऊ' हे आपल्याला पाठ असतं, पण ते सहाला उजाडून सहाला मावळणाऱ्या दिवसाचं.

आमच्या ओळखीच्या एका घरात जानेवारीतल्या सोमवारी सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "नऊ वाजू देत, राहुकाळ आहे." रिक्षा दारात उभी, आणि पोर कळा सोसत बसलेली. दवाखान्यात पोचेपर्यंत तिचं बीपी बरंच वाढलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

गंमत बघा. जानेवारीत आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या सुमारास मावळतं. म्हणजे अकरा तासांचा दिवस, एकेक भाग सुमारे ८२ मिनिटांचा. त्या दिवशीचा राहुकाळ साधारण आठ वाजून बावीस मिनिटांनी लागून पावणेदहाला संपला. साडेसातला निघाले असते तर तो लागायच्या आत दवाखान्यात असते. नऊपर्यंत थांबले आणि नेमके राहुकाळातच निघाले!

मी स्वतः पंचांग बघते, सणवार करते. सासूबाईंनाही मी हेच सांगितलं, की मुहूर्त हा लग्न, मुंज, वास्तुशांत अशा ठरवून करायच्या कामांना. कळा, छातीत दुखणं, साप चावणं यांना कसला आलाय मुहूर्त? त्या आधी रुसल्या, मग स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन आठाने भागायला बसल्या.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी आता कॅलेंडरवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनने १०८ लिहून ठेवलंय. हा मोफत रुग्णवाहिकेचा नंबर, चोवीस तास लागतो. पान उलटलं की नव्या पानावर पुन्हा लिहायचा.