मोटारसायकलवरचा तंबू : किंमत नव्हे, कापड पाहा

नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला किंवा वणीवरून सापुताऱ्याला मोटारसायकलवर मुक्कामी जाणारे तरुण आता नेहमी दिसतात. त्यात आपल्या दुकानदारांची आणि कारीगरांची मुलेही आहेत. सामान मात्र बहुतेक जण चित्र आणि किंमत पाहून घेतात. आम्ही कापडाचे व्यापारी. डोंगराची माहिती देणारे दुसरे आहेत. पण तंबू म्हणजे शेवटी कापड, शिवण आणि काठी. त्याची पारख आपल्या धंद्यातली आहे.

पहिली गोष्ट डेनियरची. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण जाड कापड पाणी अडवतेच असे नाही. मालेगावच्या यंत्रमागावरचे साधे कापड असो की परदेशी नायलॉन, पाणी अडवतो तो वरचा लेप. त्याचे माप मिलिमीटरमध्ये छापलेले असते. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा राहिला की पाणी झिरपू लागते, ते हा आकडा सांगतो. छताला निदान १५०० मि.मी. हवे. खालच्या कापडावर शरीराचा दाब येतो, म्हणून तेथे ३००० मि.मी. बघावे. इगतपुरी-भंडारदऱ्याच्या पावसात याहून कमी मापाचा भरवसा धरू नये.

नायलॉन हलके व चिवट, पण भिजल्यावर सैल पडते. दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर कमी सैलावते आणि उन्हात जास्त टिकते. सुती कॅनव्हास मजबूत खरा, पण भिजला की वजन फार वाढते. तो जीपला ठीक, मोटारसायकलला नाही.

दुसरी गोष्ट शिवणीची. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे तंबू उलटा करून पाहावे. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असले तरी पाणी आत येणारच.

तिसरी गोष्ट आकाराची. तंबूचे कापड कसेही दाबता येते, काठी दाबता येत नाही. म्हणून घडी केलेल्या काठीची लांबी आधी मोजावी. ती ४५ सेंटिमीटरच्या आत असली तर गाठोडे सीटवर आडवे बसते व बाजूला फार येत नाही. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याकडे, हलक्या वर बांधाव्यात. उंच व मागे बांधलेले ओझे घाटाच्या वळणावर गाडीचा तोल बिघडवते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारमर्यादेत चालक, मागचा माणूस आणि सामान असे तिन्ही धरलेले असतात. नायलॉनची पिशवी सायलेन्सरला टेकू देऊ नये. सुती कापड करपते, नायलॉन वितळते.

शेगडी तंबूत कधीही पेटवू नये. आगीचा धोका आहेच, शिवाय कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. अभयारण्यात मुक्कामापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.

आता धंद्याचे. तंबूची काठी आणि लेपाचे कापड बनवणे छोट्या कारखान्याचे काम नाही. पण गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या, पाणी न शिरणारे गुंडाळीचे झोळे, तंबूखाली अंथरायची चादर ही कामे सीट कव्हर आणि ताडपत्री शिवणाऱ्या कारीगराच्या हातातली आहेत. पट्टा जोडतो तेथे दुहेरी कापड व आडवे टाके द्यावेत, ताडपत्रीचा जोड शक्यतो गरम हवेने चिकटवावा. गिऱ्हाइकाला पिशवी देण्याआधी तिच्यात पाणी भरून टांगून ठेवावी आणि शिवण त्याच्या समोर दाखवावी. जी शिवण दुकानात गळत नाही, तिच्यासाठी गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतो आणि पुढच्या वेळी आपल्याकडेच येतो.