खडकाला चिकटलेली ही पिशवी माणसाची नातेवाईक कशी?

समुद्रातल्या खडकांवर, जेट्टीच्या खांबांवर किंवा बोटीच्या तळाला कधीकधी मऊ पिशव्या चिकटलेल्या दिसतात. त्यांना ना डोकं, ना डोळे, ना हातपाय. हात लावला की त्या पाण्याची पिचकारी मारतात. म्हणूनच त्यांचं नाव सी स्क्वर्ट. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारा हर्डमानिया याच गटातला.

दिसायला साधी असली, तरी ही पिशवी ऑक्टोपस, मुंगी किंवा कोळंबीपेक्षा माणसाच्या जास्त जवळची आहे. कशी, ते समजून घेऊ.

पुरावा कुठे मिळाला?

पूर्वी सी स्क्वर्टची गणती शिंपल्या-कालवांच्या सोबत व्हायची. १८६६ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी त्याची अंड्यापासून होणारी वाढ तपासली. अंड्यातून बाहेर पडणारी अळी बेडकाच्या पिल्लासारखी होती. तिला शेपटी होती, शेपटीत एक लवचिक दांडी होती आणि दांडीच्या वरच्या बाजूला चेतासंस्थेची पोकळ नळी होती.

ही दांडी म्हणजे पृष्ठरज्जू, अर्थात नोटोकॉर्ड. ज्या प्राण्यांमध्ये ती आयुष्यात कधी ना कधी असते, त्यांना समपृष्ठरज्जू किंवा कॉर्डेट प्राणी म्हणतात.

सी स्क्वर्टची अळी काही खात नाही. थोडा काळ पोहते, जागा शोधते आणि डोक्याकडून खडकाला चिकटते. मग शेपटी आणि पृष्ठरज्जू शरीरातच जिरून जातात.

माणसात ही दांडी कुठे असते?

आईच्या पोटात वाढताना प्रत्येक माणसात पृष्ठरज्जू तयार होतो. पुढे त्याच्याभोवती पाठीचे मणके घडतात. दोन मणक्यांमधल्या गादीच्या आत जो मऊ गर असतो, तो पृष्ठरज्जूपासूनच बनतो. ‘स्लिप डिस्क’च्या त्रासात बाहेर सरकतो, तो हाच गर.

मग आपण सी स्क्वर्टपासून तयार झालो का?

नाही. सोशल मीडियावर उत्क्रांतीची चर्चा अनेकदा इथेच घसरते. सी स्क्वर्ट आपला पूर्वज नाही, तर लांबचा चुलत भाऊ आहे. दोघांचा पूर्वज एकच होता, वाटा वेगळ्या झाल्या.

वाळूत राहणारा, माशासारखा दिसणारा अँफिऑक्सस हा आपला सर्वात जवळचा नातेवाईक असावा, असं बरीच वर्षं मानलं जायचं. त्याचा पृष्ठरज्जू तर आयुष्यभर टिकतो. पण २००६ मध्ये जनुकांच्या तुलनेतून कळलं, की पृष्ठवंशीय प्राण्यांच्या अधिक जवळचा सी स्क्वर्टच आहे. म्हणजे नुसत्या दिसण्यावरून नातं ठरवता येत नाही.

पहिले पृष्ठवंशीय कसे होते?

चीनच्या युनान प्रांतात सापडलेला हायकोइक्थिस हा छोटासा प्राणी सुमारे ५१.८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याला डोकं होतं, डोळे होते, पण जबडा नव्हता. जबडा बराच नंतर आला. लॅम्प्रे आणि हॅगफिश आजही जबड्याशिवाय जगतात. जबडा असलेल्या माशांच्याच एका शाखेतून पुढे बेडूक, साप, पक्षी आणि माणूस आले.

सी स्क्वर्टचं महत्त्व आजही कमी झालेलं नाही. सियोना या त्याच्या प्रकाराच्या अळीत पृष्ठरज्जू फक्त ४० पेशींचा असतो. इतक्या कमी पेशी असल्यामुळे एकेक पेशी कुठे सरकते, ते शास्त्रज्ञांना पाहता येतं. आपल्या कण्याची सुरुवात कशी होते, हे समजायला त्याची मदत होते.