पार्ट बदलला, पाच महिन्यांत परत गेला. आता पैसे कोणी भरायचे?

गाडीचा एसी गार हवा देईना म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. कॉम्प्रेसर गेलाय, असं सांगितलं गेलं. गाडी वॉरंटीत होती, त्यामुळे फुकटात बदलून मिळाला. पाच महिन्यांनी परत तेच रडगाणं. पण तोवर गाडीची वॉरंटी संपून तीन आठवडे झालेले. काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर स्क्रीनकडे बघत म्हणतो, "सर, वॉरंटी संपलीये. एस्टिमेट काढून देऊ का?"

तपशील थोडे इकडेतिकडे करा, असा अनुभव आलेला एक तरी माणूस तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडेल. कुणाचा क्लच, कुणाचा अल्टरनेटर, कुणाची पॉवर विंडो. बहुतेक जण चार शब्द सुनावतात आणि पैसे भरून मोकळे होतात.

पण "वॉरंटी संपली" हे वाक्य म्हणजे विषय संपला असं नाही. तेच काम पुन्हा निघालं असेल तर खरा वाद तारखेचा नसतोच. हा नवा बिघाड आहे, की आधी नीट न झालेलं जुनंच काम आहे, हा खरा वाद असतो.

गाडीला वॉरंटी एक नसते

नवीन गाडीवर कंपनीची वॉरंटी असते. इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल ते. टायर आणि बॅटरीची वॉरंटी साधारणपणे ते बनवणाऱ्या कंपन्यांची असते. ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, क्लच प्लेट अशा वापरून झिजणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा वॉरंटीच्या बाहेर किंवा फार कमी मुदतीत असतात. एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं.

गोंधळ होतो तो पुढे. वॉरंटीत फुकट बदललेल्या पार्टला नव्याने पूर्ण वॉरंटी मिळत नाही. बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार, गाडीची वॉरंटी जेवढी शिल्लक असेल तेवढीच त्या पार्टची. याउलट तोच पार्ट तुम्ही पैसे देऊन बसवला असता, तर त्यावर स्वतंत्र वॉरंटी मिळाली असती. किती महिने आणि किती किलोमीटर, हे बिलावर किंवा कंपनीच्या सर्व्हिस बुकमध्ये असतं. म्हणजे गंमत बघा, विकत घेतलेल्या पार्टला जास्त संरक्षण आणि फुकट मिळालेल्याला कमी.

म्हणून वॉरंटीत काम करून घेताना एक प्रश्न तिथेच विचारून घ्यावा: "या पार्टची वॉरंटी कुठपर्यंत?" आणि उत्तर लेखी घ्यावं.

पण समजा ही मुदतही उलटली. तरी एक गोष्ट उरते. पार्ट ही वस्तू आहे, तो बसवणं ही सेवा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींसाठी दाद मागता येते. पार्ट चांगला होता पण काम अर्धवट केलं, तर ती सेवेतली त्रुटी. ही तक्रार गाडीच्या वॉरंटीच्या तारखेवर अवलंबून नसते.

तोच पार्ट परत का जातो?

कधी कधी नवा पार्टच सदोष निघतो. पण अनेकदा कारण वेगळं असतं. मेलेला पार्ट बदलला जातो आणि त्याला मारणारी गोष्ट गाडीत तशीच राहते.

एसीचंच बघू. जुना कॉम्प्रेसर आतून जाम होतो तेव्हा धातूचा बारीक चुरा गॅसबरोबर पाइपांमध्ये पसरतो. नवा कॉम्प्रेसर लावण्याआधी ती लाइन साफ करावी लागते, ड्रायर बदलावा लागतो, कंडेन्सर तुंबला असेल तर तोही. हे न करता नुसता कॉम्प्रेसर चढवला, की तोच चुरा नव्यात शिरतो. रेडिएटरचा पंखा नीट फिरत नसेल तरी एसी लाइनमधला दाब वाढतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

क्लचचंही तसंच. इंजिनच्या मागचं ऑइल सील गळत असेल तर तेल थेट क्लच प्लेटवर येतं. प्लेट नवी टाकली तरी ती घसरणारच. टर्बोला तेल पुरवणारी नळी काजळीने तुंबलेली असेल तर नवा टर्बो तेलाविना फिरतो आणि लवकरच राम म्हणतो. बॅटरी मरायला टेकली असेल तर अल्टरनेटर सतत जास्त राबतो.

त्यामुळे दुसऱ्यांदा गाडी नेल्यावर "हा पार्ट पुन्हा बदला" एवढंच म्हणणं पुरेसं नाही. "हा का गेला?" हे विचारा आणि कारण जॉब कार्डवर लिहायला सांगा. कारण न शोधता तिसरा पार्ट बसवला, तर तिसऱ्यांदा तिथेच उभं राहावं लागेल.

सगळा खेळ जॉब कार्डवर

गाडी आत घेताना जो कागद बनतो किंवा आता टॅबवर जी नोंद होते, तिला बहुतेक लोक सही करून विसरतात. वाद झाला की सगळ्यात आधी हाच कागद बघितला जातो.

सर्व्हिस ॲडव्हायझर घाईत असतो. तो लिहितो, "एसी चेक". या दोन शब्दांतून आधी काय झालं होतं ते काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून घ्या: "अमुक तारखेला, अमुक जॉब कार्डनुसार बदललेला कॉम्प्रेसर पुन्हा बंद पडला आहे." तारीख, आधीचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा या नोंदीत असला, की ही जुनीच तक्रार आहे हे कागदच सांगतो. पहिली तक्रार वॉरंटीत असताना नोंदवली गेली होती, हेही त्यातूनच दिसतं.

सगळ्यात त्रासदायक बिघाड म्हणजे सेंटरला नेल्यावर गायब होणारे. मग कार्डवर शेरा येतो, "तपासलं, दोष आढळला नाही." अशा वेळी आवाजाचा किंवा डॅशबोर्डवरच्या दिव्याचा व्हिडिओ काढून ठेवा. त्यात किलोमीटरचा आकडा आणि तारीख दिसली तर उत्तमच. टेक्निशियनला शेजारी बसवून गाडी चालवा. स्कॅनरवर एरर कोड दिसला तर त्याचा फोटो किंवा प्रिंट मागा. आणि दोष आढळला नाही म्हणून परत पाठवलं, तरी ती फेरी नोंदवून घ्याच. चार फेऱ्यांची चार कार्डं ही तोंडी सांगितलेल्या कहाणीपेक्षा कितीतरी भारी पडतात.

काढलेला जुना पार्टही महत्त्वाचा. वॉरंटीत बदलला असेल तर तो साधारणपणे कंपनीकडे जातो. पण पैसे देऊन बदलला असेल तर मागून घ्या. पुढे तपासणीची वेळ आली तर तोच पुरावा.

गाडी अडकली आहे, कामाला तर जायचंय, आणि पैसे भरल्याशिवाय किल्ली मिळत नाही, असंही होतं. मग भरा, पण "हरकत नोंदवून पैसे भरले आहेत" असं बिलावर लिहा आणि त्याच दिवशी ईमेल करा.

बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द?

हे उत्तर तर ठरलेलंच. बाहेरून सीट कव्हर लावलं तरी काही ठिकाणी नाक मुरडलं जातं.

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. स्पेअर पार्ट खुल्या बाजारात मिळू न देणं हा मुख्य मुद्दा होता. त्याच आदेशात वॉरंटीबद्दलही म्हटलं होतं, की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. त्या गॅरेजच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल, तर तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येईल. आदेशाला पुढे कंपन्यांनी आव्हान दिलं. पण तर्क सरळ आहे आणि वाद घालताना कामाचा आहे: बाहेर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचा आणि गळणाऱ्या गिअरबॉक्सचा संबंध काय, तो दाखवा.

इथे एक सावधानता हवी. वायरिंग कापून हॉर्न, लाइट किंवा कॅमेरा जोडला असेल आणि बिघाड इलेक्ट्रिकल असेल, तर तो संबंध दाखवणं कंपनीला फारसं जड जात नाही. ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग केलं नसेल तर तिथेही बाजू लंगडी पडते.

नाक्यावरच्या गॅरेजचं काय?

वॉरंटी संपली की बहुतेक गाड्या नाक्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे जातात. काम स्वस्तात होतं, माणूस विश्वासाचा असतो. बिल मात्र नसतं. जीएसटी वाचवायला ग्राहकच "बिल नको" म्हणतो आणि पार्ट परत गेला की तोच अडचणीत येतो.

२०१९ च्या कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत न घेणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर ३० दिवसांत. त्यामुळे स्पेअर पार्टच्या दुकानातली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. मात्र त्यासाठी तो माल तिथूनच घेतल्याचा पुरावा लागतो.

तक्रार कोणावर, आणि मागायचं काय?

डीलर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डीलरकडे जा. या टोलवाटोलवीत दोघांनाही एकाच ईमेलमध्ये घ्यावं. त्यात चेसिस नंबर, जॉब कार्डांचे क्रमांक आणि नेमकी मागणी असावी. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सर्व्हिसिंग वेळेवर झालेलं असेल, तर कंपन्या कधी कधी खर्चातला काही वाटा उचलतात. हा तुमचा हक्क नसतो, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

कायद्यापुढे डीलर आणि कंपनी आपोआप एक ठरत नाहीत. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची, आधीच ६२२ किलोमीटर चाललेली गाडी देण्यात आली होती. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने टाटा मोटर्सची बाजू मान्य केली. डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय तिला जबाबदार धरता येणार नाही, असं ठरलं. म्हणून बसवण्यात चूक असेल तर डीलर, पार्टच सदोष असेल तर कंपनी, हे तक्रारीत वेगवेगळं मांडावं लागतं.

दुसरी चूक मागणीत होते. वैतागलेला ग्राहक "मला गाडीच बदलून द्या" म्हणतो. अमेरिकेत यासाठी 'लेमन लॉ' आहेत. १९८२ मध्ये कनेटिकट राज्याने सुरुवात केली. ठरावीक वेळा दुरुस्त करूनही गाडी नीट झाली नाही, तर कंपनीला ती बदलून द्यावी लागते किंवा परत घ्यावी लागते. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटीत वचन सदोष पार्ट दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं आहे, अख्खी गाडी बदलण्याचं नाही. उत्पादनातच दोष आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि बऱ्याच तक्रारी तिथेच ढेपाळतात. त्यापेक्षा दोष कायमचा काढून द्या, भरलेले पैसे परत करा, गाडी बंद होती त्या दिवसांची भरपाई द्या, या मागण्या जास्त टिकतात.

ईमेलला उत्तर आलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार करण्याची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही ती करता येते, त्यामुळे गाडी पुण्यात घेतली आणि आता नांदेडला असाल तरी पुण्याला खेटे घालायची गरज नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे आणि वकील लावणं सक्तीचं नाही. फी मोजलेल्या किमतीवर ठरते. पाच लाखांपर्यंत काहीच नाही, त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. म्हणजे वाद फक्त ४० हजारांच्या रिपेअरिंग बिलाचा असेल तर फी शून्य.

गाडी धंद्यासाठी घेतली असेल तर समोरचा वकील "हा ग्राहकच नाही" असा मुद्दा काढतो. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणारा माणूस या कायद्यात ग्राहकच आहे. दहा गाड्या भाड्याने लावणाऱ्याला हे सूत्र लागू होत नाही.